एकाच बैठकीत पापण्यांचे काम, आणि पुढचे पंधरा दिवस

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एक शिक्षिका नुकत्याच निवृत्त झाल्या आहेत. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन केसांवर ओघळली आहे. वाचताना त्या नकळत भुवया वर उचलून धरतात आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकू लागते. खालच्या पापण्यांखाली फुगवटे आले आहेत, त्यामुळे भेटेल तो विचारतो, "बाई, झोप होत नाही का?" मुलगा पुण्यात असतो. त्याने तिथे दाखवले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वरच्या आणि खालच्या पापण्या एकदमच करून टाकू, वाटल्यास भुवयाही थोड्या उचलू. आता बाई विचारात पडल्या आहेत, की सगळे एकदम करावे का?

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. पापणीच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर 'ब्लेफरोप्लास्टी' म्हणतात. पूर्वी ती फक्त सिनेमातल्या लोकांची गोष्ट वाटे. आज ती निवृत्त शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, लग्नाच्या वयाच्या मुली अशा सगळ्यांच्या बोलण्यात येते. तिच्याविषयी सांगताना टेबलावर काय होते तेवढेच बहुधा सांगितले जाते. माझ्या मते शस्त्रक्रिया एकत्र करायची की नाही हे ठरवताना डोळ्याइतकेच घराकडेही पाहायला हवे. घर डॉक्टरांपासून किती लांब आहे, सोबत कोण राहणार आहे, ऊन आणि धूळ किती आहे, पंधरा दिवस कामाला हात न लावता बसता येईल का, हे सारे त्या निर्णयातच मोडते.

आधी पापणीची रचना पाहू. शरीरातली सर्वांत पातळ कातडी पापणीवर असते, जाडीला एक मिलिमीटरहूनही कमी. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू, त्यामागे एक पातळ पडदा आणि पडद्यामागे डोळ्याभोवतीची चरबी. वरच्या पापणीत चरबीचे दोन कप्पे असतात, खालच्या पापणीत तीन. वय वाढले की पडदा सैल पडतो आणि जुन्या उशीच्या विरलेल्या अभ्र्यातून कापूस फुगावा तशी चरबी पुढे येते. खालच्या पापणीचे फुगवटे ते हेच. वरच्या पापणीत आणखी एक महत्त्वाचा स्नायू असतो, लिव्हेटर. पापणी उचलण्याचे काम त्याचे. त्याचा कंडरा ताणून सैल झाला तर पापणीची कडाच खाली येते. याला 'टोसिस' म्हणतात. बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असायला हवे. टोसिसमध्ये ते कमी होते.

कातडी ओघळणे आणि कडा खाली येणे हे दोन वेगळे आजार आहेत. आरशात दोन्ही सारखेच दिसतात, आणि पुष्कळदा एकाच डोळ्यात दोन्ही असतात. नुसती कातडी काढली आणि टोसिस तसाच राहिला, तर टाके निघाल्यावर रुग्ण म्हणतो, "डोळा तर अजून उघडतच नाही." एकत्र शस्त्रक्रियेचा विचार खरे तर इथून सुरू होतो.

माझ्या मते शस्त्रक्रियांच्या जोड्या दोन प्रकारच्या असतात. काही गरजेच्या, काही सोयीच्या. डॉक्टरांशी बोलताना हा फरक मनात स्पष्ट असावा.

गरजेची पहिली जोडी म्हणजे टोसिस आणि जादा कातडी. एकाच छेदातून आधी लिव्हेटरचा कंडरा घट्ट करतात, मग कातडी मापाने काढतात. हे काम जागेवरच सुन्न करून करणे बरे, कारण मध्येच रुग्णाला बसवून डोळे उघडायला सांगता येतात आणि दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून एकच आज्ञा जाते. जास्त पडलेली पापणी उचलण्यासाठी मेंदू जोर लावत असतो आणि त्या जोरावर दुसरीही वर राहिलेली असते. एक दुरुस्त झाली की जोर कमी होतो आणि कालपर्यंत चांगली दिसणारी दुसरी खाली येते. म्हणून एकाच डोळ्याची तक्रार असली तरी जाणता डॉक्टर दोन्ही तपासतो.

दुसरी जोडी भुवई आणि वरची पापणी. वयानुसार भुवईही खाली उतरते, बाहेरची बाजू जास्त. आपल्या बाई भुवया उचलून धरतात ते याचसाठी. पापणीचा भार कमी केला की कपाळाचा स्नायू सैल सोडतो आणि भुवई आणखी खाली बसते. अशा वेळी नुसती पापणीची कातडी काढत राहिले तर डोळा नीट मिटत नाही. भुवई आणि पापणीचे केस यांच्यात साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहावी, असा शल्यविशारदांचा दंडक आहे. भुवई फार उतरलेली असेल तर ती आधी स्थिर करून मगच पापणीचे माप घ्यावे लागते. क्रम उलटा झाला तर जास्त कापले जाते, आणि कापलेली कातडी परत आणता येत नाही.

तिसरी जोडी खालच्या पापणीची. पापणी चिमटीत धरून पुढे ओढली आणि सोडली तर ती चटकन डोळ्याला चिकटायला हवी. सावकाश परतली, किंवा डोळा मिचकावल्यावरच जागेवर आली, तर ती सैल आहे. अशा पापणीवर नुसते चरबीचे काम केले तर भरून येताना ती खाली ओढली जाते, डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसू लागतो, डोळा कोरडा पडतो आणि सारखे पाणी येते. म्हणून बाहेरच्या कोपऱ्यात आधाराचा टाका घालून पापणी घट्ट करतात. वयस्क माणसात खालच्या पापणीचे काम या टाक्याशिवाय करू नये, अशा मताचे अनेक तज्ज्ञ आहेत, आणि मला त्यांचे पटते.

वरची आणि खालची पापणी एकदम करणे मात्र बहुतेक वेळा सोयीची जोडी आहे. भूल एकदा, रजा एकदा, पुण्याच्या फेऱ्या कमी, खर्चही थोडा कमी. हे फायदे खरे आहेत. पण या दोन कामांचा एकमेकांवाचून खोळंबा होत नाही. ती सहा महिन्यांच्या अंतराने केली तरी डोळ्याचे काही बिघडत नाही. डोळ्याखालचे काळेपण जाईल या आशेने कोणी खालची पापणी करून घेणार असेल, तर हेही माहीत असावे की फुगवट्याच्या सावलीमुळे आलेले काळेपण कमी होते, पण कातडीतल्या रंगद्रव्याचे काळेपण चाकूने जात नाही. आपल्याकडे काळेपणाचा पुष्कळसा भाग रंगद्रव्याचाच असतो.

आपल्या देशात पापणीवर शस्त्र चालवण्याची परंपरा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सोळाव्या अध्यायात, पक्ष्मकोपावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. पक्ष्मकोप म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासणे. भुवईखालचे दोन भाग सोडून आणि केसांकडचा एक भाग राखून यवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी काढावी, ती डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांना समांतर असावी, केसाने शिवावी, मध आणि तूप लावावे, कपाळाला पट्टी बांधून टाके तिला अडकवावेत आणि जखम पक्की झाल्यावर केस काढावेत, असे ते वर्णन आहे. कातडीचा आकार, भुवईखाली राखायची जागा, टाके कपाळाला बांधणे, यातली प्रत्येक गोष्ट आजही ओळखीची वाटते. खालची पापणी ओढली जाऊ नये म्हणून तिच्यातला टाका भुवईच्या वर चिकटवून ठेवण्याची रीत आजच्या शस्त्रक्रियागृहातही आहे. युरोपात पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार सेल्ससने पापणीची सैल कातडी काढण्याविषयी लिहिले. 'ब्लेफरोप्लास्टी' हा शब्द १८१८ च्या सुमारास जर्मनीत फोन ग्रेफे यांनी वापरला, तो कर्करोगाने गेलेली पापणी पुन्हा घडवण्यासाठी. खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने, म्हणजे बाहेर व्रण न ठेवता काढण्याची पद्धत पॅरिसच्या बुर्गे यांनी १९२४ मध्ये मांडली. आज तीच पद्धत तरुण रुग्णांसाठी सर्रास वापरतात.

आता शस्त्रक्रिया करू नये, किंवा थांबावे, असे कोण? सकाळी बरी असलेली पापणी संध्याकाळी पडत असेल आणि सोबत गिळताना किंवा बोलताना थकवा येत असेल, तर ते मायस्थेनियाचे, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचे, लक्षण असू शकते. तिथे चाकू नव्हे, औषध लागते. पापणी अचानक पडली, दोन दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली, तर तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा धोका असू शकतो. लगेच मोठे रुग्णालय गाठावे. थायरॉइडमुळे डोळे सुजले असतील तर आजार किमान सहा महिने स्थिर राहू द्यावा. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात हवेत. डोळे कोरडे असतील तर कागदाची पट्टी पाच मिनिटे पापणीत ठेवून अश्रू मोजतात. ते कमी असले तर वरची आणि खालची एकदम करणे मला तरी धाडसाचे वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, चालू असतील तर त्या मनाने बंद करू नयेत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. शक्तीसाठी घेतलेल्या लसणाच्या, माशाच्या तेलाच्या किंवा व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल सांगायला लोक विसरतात. त्यांनीही रक्तस्राव वाढतो. तंबाखू आणि गुटखा किमान महिनाभर सोडावा, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. मोतीबिंदूचे ऑपरेशनही जवळ आले असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची कल्पना द्यावी. पापणीचा दाब बदलला की बुबुळाची वक्रता किंचित बदलते आणि भिंगाचे माप चुकू शकते. चष्म्याचा नवा नंबरही याच कारणासाठी तीनेक महिन्यांनी काढावा.

आता पुढचे दिवस, आणि त्यातही पहिली रात्र.

पापणीच्या शस्त्रक्रियेत डोळ्यामागे रक्तस्राव होण्याची शक्यता सुमारे २००० रुग्णांत एक, आणि त्यातून नजर कायमची जाण्याची सुमारे २२,००० त एक, असे एका मोठ्या अमेरिकी पाहणीत आढळले होते. आकडा लहान आहे. पण तो ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याकडे वेळ फार थोडा असतो. डोळा दगडासारखा कडक होतो, पुढे येतो, एका बाजूला असह्य ठणका लागतो, नजर अंधारते. टाके उकलून साचलेले रक्त काढून दाब उतरवावा लागतो, तेही दीड-दोन तासांत. हा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होतो, आणि त्यातही पहिल्या काही तासांत.

आता हे परभणीच्या संदर्भात पाहा. पुण्यात किंवा हैदराबादला सकाळी शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी दुपारी घरी जायला सांगितले आणि माणूस त्याच रात्री रेल्वेने, नाहीतर खाजगी बसने निघाला, तर मध्यरात्री गाडीत तो काय करणार? स्टेशनवर उतरून दीड तासात डोळ्याचा शल्यविशारद कुठून आणणार? दिवसभराचे काम म्हणून सांगितले गेले तरी आपल्यासाठी ते दिवसभराचे नाही. पहिली रात्र शस्त्रक्रिया झालेल्याच गावात, रुग्णालयापासून जवळ, जागे राहू शकेल अशा माणसासोबत काढावी. दर दोन-तीन तासांनी एकेक डोळा झाकून घड्याळाचे काटे दिसतात का ते पाहावे. वरच्या आणि खालच्या पापण्या दोन्ही झालेल्या असतील तर सूज जास्त असते, डोळे फटीएवढेच उघडतात आणि मलमामुळे धूसर दिसते. त्यामुळे नजर खरेच कमी झाली का हे ओळखणे आणखी कठीण होते. म्हणूनच ही तपासणी सोबतच्या माणसाने करायची.

पहिले दोन दिवस थंड शेक. निर्जंतुक गॉजच्या पट्ट्या थंड सलाइनमध्ये बुडवून, पिळून, जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. पापणी सुन्न असते, पोळलेले कळत नाही. डोके दोन उशांवर उंच, झोपणे पाठीवर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि नेमके तेव्हाच आरसा पाहून लोक घाबरतात. काळेनिळेपण गुरुत्वाने गालांवर उतरते. तेही अपेक्षितच आहे. दोन्ही डोळ्यांची सूज सारख्या वेगाने उतरत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात डोळे लहानमोठे दिसतात.

टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. काळेनिळेपण दहा ते चौदा दिवसांत ओसरते. फक्त वरच्या पापण्या केल्या तर आठवडा-दहा दिवसांत माणूस चारचौघांत जाऊ शकतो. खालच्याही केल्या तर दोन ते तीन आठवडे धरावेत, कारण खालची पापणी मुळातच हळू भरते. एकत्र केल्यावर बरे होण्याचा वेग नेहमी हळू भरणाऱ्या पापणीचा असतो. खालचा भाग सुजला की अश्रूंचा निचरा नीट होत नाही, बुबुळाभोवतीचा पातळ पडदा फुगून जेलीसारखा दिसतो, आणि वरची पापणी अजून जड असल्याने पूर्ण मिटत नाही. मग कोरडेपणा, खुपणे, पाणी येणे. थेंब दिवसातून अनेकदा आणि रात्री मलम, हे अशा वेळी कंटाळा न करता पाळावे लागते. कोपऱ्यात टाका घातला असेल तर डोळे काही आठवडे तिरपे, ताणलेले दिसतात. भुवया उचलल्या असतील तर कपाळाची सूज पापण्यांत उतरते आणि डोक्याची कातडी काही महिने बधिर राहते.

दोन-तीन आठवडे वाकणे, ओझे उचलणे आणि जोर करणे टाळायचे. म्हणजे घागर उचलायची नाही, वाकून झाडायचे नाही, सूर्यनमस्कार नाहीत. नमाज बसून अदा करावी, सजदा इशाऱ्याने. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. आणि मध, हळद, गुलाबपाणी, तूप, काजळ, सुरमा यातले काहीही डॉक्टरांनी सांगेपर्यंत पापणीला लावू नये. सुश्रुताने मध लावला हे खरे, पण आपल्या घरातला मध निर्जंतुक नसतो.

ऊन आणि धूळ हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. परभणीचा उन्हाळा मराठवाड्यातही कडक मानला जातो. नव्या व्रणावर ऊन पडले की तो काळवंडतो, आणि आपल्या वर्णाच्या कातडीवर तो डाग महिनोन्‌महिने टिकतो. उन्हाळ्यात घाम टाक्यांत जातो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा उडतो, कापूस वेचणीत तंतू डोळ्यांत जातात. शेतात काम असलेल्यांनी सुगी आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे करावे. बाहेर पडताना मोठा गॉगल आणि डोक्याला उपरणे किंवा पदर, हे किमान दोन महिने. व्रण सहा ते आठ आठवडे लालसर असतो आणि सहा महिन्यांपर्यंत मऊ होत जातो. घरात लग्न असेल तर तीन महिने आधी शस्त्रक्रिया व्हायला हवी. पंधरा दिवस आधी केलेली पापणी फोटोत जास्तच वाईट दिसते.

पडलेल्या पापण्यांचा विषय निघाला की डॉ. शरदकुमार दीक्षित यांची आठवण येते. अमेरिकेत स्थायिक झालेले हे मराठी प्लास्टिक सर्जन १९६८ पासून भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करत राहिले. फाटलेले ओठ, चेहऱ्यावरचे व्रण आणि पडलेल्या पापण्या हे त्यांच्या शिबिरांतले मुख्य काम. अपघाताने अपंगत्व आले, घशाचा कर्करोग झाला, तरी ते थांबले नाहीत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते गेले. भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत ही शिबिरे भरवली. पडलेली पापणी म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, हे अशा शिबिरांनी गावोगाव पोचवले. जन्मतः पापणी पडलेल्या मुलाची बाहुली झाकली जात असेल तर त्या डोळ्याची नजर मेंदू शिकतच नाही, आणि मोठेपणी पापणी उचलली तरी ती परत येत नाही. अशा मुलाला लग्नाच्या वयापर्यंत थांबवू नये. लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

खर्चाबद्दल थोडक्यात. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. पण पापणीने दृष्टीचा पल्ला झाकला जात असेल आणि तपासणीत तसे नोंदले गेले, तर ती उपचार ठरते. तो कागद शस्त्रक्रियेआधी घ्यावा. सरकारी योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. डॉक्टर निवडताना ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे डोळ्याभोवतीच्या प्लास्टिक सर्जरीचे, प्रशिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ किंवा पापण्यांचे काम नियमित करणारा प्लास्टिक सर्जन पाहावा. जालन्याचे गणपती नेत्रालय, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, यांपैकी कुठे चौकशी केली तरी पहिला प्रश्न एकच विचारावा: रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलेल?

जिंतूरच्या बाईंना माझे सांगणे असे. टोसिस असेल तर तो आणि कातडी एकत्रच करा. भुवई फार उतरली असेल तर तिचाही विचार त्याच बैठकीत करा. खालच्या पापण्या त्यात घ्यायच्या तर टाके निघेपर्यंतचा आठवडा मुलाकडे पुण्यातच राहता आले पाहिजे, आणि त्यापुढचे दोन आठवडे घरकाम दुसऱ्या कोणीतरी सांभाळले पाहिजे. हे जमत नसेल तर या हिवाळ्यात वरच्या पापण्या करा आणि खालच्या पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.